कोणीही ‘बा’ म्हणावं

टाचणी टोचली तेव्हा माझी लेक हलली नाही. माझी भीती तिथून सुरू झाली, म्हणून तिथूनच लिहिते.

दसऱ्याआधीचे दिवस होते. आमचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. त्या दिवसांत दुकान कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं ते कळत नाही. जेवायच्या ताटाजवळही कापडाच्या चिंध्या येतात. लोकांचे कपडे शिवून झाले की उरलेल्या वेळात आपल्या लेकीचा फ्रॉक, असं दरवर्षीचं. मी तिला मागच्या खोलीत उभं केलं आणि ‘निल्लु’ म्हटलं. निल्लु म्हणजे उभी राहा. ती तेव्हा दहा वर्षांची होती. ती बोलत नाही, पण एवढं तिला चांगलं समजतं. हात अंगापासून जरा लांब धरून ती उभी राहिली. मी खाली बसून घेराला टाचण्या लावत गेले, मग कमरेला.

वर बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही. तोंड समोरच्या भिंतीकडे, जसं होतं तसंच. मला वाटलं पंख्याचा वारा लागतोय. कमरेपाशी हात नेला तर बोटाला ओलं लागलं. एक टाचणी आडवी न जाता सरळ आत गेली होती. पिवळ्या कापडावर रक्ताचा ठिपका पसरत होता.

“अगं, ओरडायचं नाही होय? ढकलायचं नाही मला?”

ती हात तसेच धरून उभी होती. मी ‘आय्तु’ म्हणावं याची ती वाट बघत होती. आय्तु म्हणजे झालं. ते ऐकल्याशिवाय हात खाली आणायचे नाहीत, हे तिला शिकवलेलं होतं. मी आय्तु म्हटलं तेव्हा तिने हात खाली आणले.

पूर्वी ती अशी नव्हती. लहानपणी तिचं सगळं अंगच नको म्हणायचं. वेणी घालायला घेतली की डोकं मागे भिंतीवर आपटायची. बसमध्ये चढताना पायरीवर आडवी पडायची. ह्यांच्या हातावर तिच्या दातांचा वण अजून आहे. एकदा सिटी बसस्टँडवर ती जमिनीवर लोळायला लागली आणि भोवती माणसं जमली. एका बाईने मला विचारलं, मूल तुझंच ना? माझं माहेर निपाणीकडचं, शाळा मराठी आणि तीही चौथीपर्यंतच. लग्न होऊन म्हैसूरला आल्यावर कानडी ऐकून ऐकून शिकले. मुळात मला चार माणसांत बोलता येत नाही, मग मराठीत काय आणि कानडीत काय. मी नुसती मान हलवली. ती बाई माझ्याकडे आणि लेकीकडे आळीपाळीने बघत राहिली.

इथल्याच बोगादी भागातल्या एका सेंटरने तिला घेतलं तेव्हा आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. तिथे अशा मुलांना थेरपी देतात. तिथल्या मोठ्या मॅडम शांत, पण एका शब्दाच्या. त्या म्हणाल्या, आधी ऐकायला शिकू दे, मग पुढचं सगळं येईल. बा, कूत्को, निल्लु. ये, बस, उभी राहा. ऐकलं की लगेच हातावर भाजलेले शेंगदाणे, तिला ते फार आवडतात. नाही ऐकलं तर हाताला धरून पुन्हा खुर्चीवर. रडली तर तिच्याकडे बघायचं नाही. “तुम्ही एकदा माघार घेतलीत की तिला कळेल, रडलं की सुटका होते,” असं मॅडम मला म्हणाल्या होत्या. घरीही मी तसंच केलं. पाठ फिरवून भाजी चिरायची, आणि मागे ती रडून रडून गप्प व्हायची.

आणि खरंच फरक पडला. ती पंगतीत बसायला लागली. बसमध्ये खिडकीपाशी नीट बसून यायला लागली. माझ्या सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. विठ्ठल मंदिरात आमच्याच मराठी लोकांची भजनं असतात, तिथे त्या तिला मुद्दाम घेऊन जायच्या. “कोणीही बा म्हणा, येते बघा माझी नात,” असं चारचौघींत सांगायच्या. मग एकेक बाई लांबून हात करून बा म्हणायची, आणि ही उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहायची. बायका हसायच्या, हातावर साखरफुटाणे ठेवायच्या. मीही खांबाआड बसून हसायची. इतक्या वर्षांनी माझ्या लेकीला कोणी बोलावत होतं.

टाचणीच्या त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. दुपारी दुकानात गर्दी होती. हे कापड कापत होते, मी आत ब्लाउजला हुक लावत होते. ती दुकानाच्या उंबऱ्याशी बुटक्या स्टुलावर बटणांचा डबा घेऊन बसली होती. सगळी बटणं रंगारंगाने लावायची आणि पुन्हा कालवायची, हा तिचा खेळ. मी हुक संपले म्हणून बाहेर आले तर स्टूल रिकामं. डब्याला झाकण लावलेलं होतं. उठायला सांगितलं की आधी हातातलं आवरायचं, हेही तिला शिकवलेलं. ती आपण होऊन गेली नव्हती. तिला कोणीतरी बोलावलं होतं.

मी अनवाणी धावले. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एका स्कूटरवर ती मागे बसलेली होती. पाठ ताठ, हाताची घडी. पुढचा माणूस फोनवर बोलत होता, स्कूटर चालू होती. थोड्या वेळापूर्वीच तो पँट आखूड करायला देऊन गेला होता. मला बघून तो हसला.

“एक चक्कर मारून आणत होतो, अम्मा. किती गुणी मुलगी हो! बा म्हटलं की आली.”

मी लेकीकडे बघून एवढंच म्हटलं, बा. ती उतरली आणि माझ्याकडे आली. जशी त्याच्याकडे गेली होती, अगदी तशीच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “जुनं गिऱ्हाईक आहे. मुलं आवडतात त्याला. चांगला माणूस आहे.”

“असेल,” मी म्हटलं.

“मग?”

मला पुढचं सांगता आलं नाही. आता लिहिताना सांगता येतं. तो चांगला असेलही. मला अजून माहीत नाही. पण चांगला माणूस बा म्हणतो आणि वाईट माणूसही बाच म्हणतो, आणि माझ्या लेकीला दोघांकडे सारखंच जायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दारावर फूलवाली आली. आमची रोजची आहे. मी तिला म्हटलं, हिला जरा बोलाव आणि चालत राहा. ती हसली, पण तिने तसं केलं. लेक उठून तिच्या टोपलीमागे चालू लागली. आमचं घर गेलं, पिठाची गिरणी गेली, कोपरा आला. एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही. मी मागून चालत होते. फूलवालीच शेवटी थांबली. “अक्का, पुरे करा. मला भीती वाटते,” म्हणाली.

सासूबाई ओट्यावरून हे बघत होत्या. त्यानंतर मंदिरात त्यांनी पुन्हा कधी नातीचा तो खेळ करून दाखवला नाही. एका बाईने बा म्हणून हात केला, तर सासूबाईंनी नातीचा हात आपल्या मांडीवर दाबून धरला.

सेंटरला जाऊन हे सांगायचं म्हणजे माझ्यासाठी डोंगर. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. मॅडम शिकलेल्या, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? त्यात दुसरी भीती. तिथे जागेसाठी किती आया चकरा मारतात ते मी बघितलं होतं. पटत नसेल तर मुलीला घेऊन जा, असं म्हणाल्या तर?

मी आत गेले आणि म्हटलं, “मॅडम, ही कशालाच नको म्हणत नाही.”

मॅडम हसल्या. “म्हणून तर दोन वर्षं मेहनत घेतली. आधी कशी होती, विसरलात का?”

विसरले नव्हते. मी मान खाली घालून बाहेर आले. चपला घातल्या. लेक माझ्याजवळ उभी होती, हात बाजूला, कुठे जायचं ते मी सांगेन म्हणून. मी चपला पुन्हा काढल्या. आत जाऊन तिचा फ्रॉक जरासा वर करून कमरेवरची खूण दाखवली, आणि टाचणीचं आणि स्कूटरचं सगळं एका दमात बोलून टाकलं. बोलताना कानडी आणि मराठी कुठे मिसळली ते मला कळलं नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या खोलीत एक तरुण टीचर बसल्या होत्या, नुकत्याच कामाला लागलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, मी म्हणत होते ते हेच.”

त्यांचं आपसात या गोष्टीवर आधीच बोलणं झालेलं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, “आईबाप येतात ते म्हणतात, आधी बसायला शिकवा. तुम्हीही तेच म्हणाला होता. आणि मला ते शिकवता येतं.” त्या रागावल्या नव्हत्या. “ती खुर्चीवरून उठली की आम्ही ऐकलं नाही म्हणायचो. का उठली, ते बघायचं राहिलं.”

त्या दिवसापासून त्या टीचर तिला नको म्हणायला शिकवायला लागल्या. तळहात पुढे करायचा, म्हणजे ‘बेडा’. बेडा म्हणजे नको. टीचरनी मला एकच अट घातली. तिने नको म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. शेवटचा घास नाही, वेणीची उरलेली बाजू नाही.

“मग ती काहीच करणार नाही,” मी म्हटलं.

“सुरुवातीला नाही करणार,” त्या म्हणाल्या. “आणि रस्ता, औषध, विस्तव यात तिचं नको चालणार नाही. ते तुम्ही तिला आधी सांगायचं. बाकीचे हुकूम कमी करा. दिवसभर बस-ऊठ सांगत राहिलं तर कामाचा हुकूम कोणता ते तिला कसं कळणार?”

पण तळहात काही पुढे येईना. टीचर तिच्या हातावर ओला डिंक लावायच्या. तो तिला मुळीच सोसत नाही, तरी ती हात पुढे धरून बसायची. टीचर तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. तिचा खांदा जरासा मागे गेला की लगेच ‘बेडा, आय्तु’ म्हणून हात पुसून टाकायच्या. मी काचेतून बघायची. नऊ महिने पोटात वाढवलं, एवढी मोठी केली, पण त्या खांद्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

घरी सासूबाई तिची वेणी घालत होत्या. एक बाजू झाली आणि तिचा खांदा मागे गेला. मी म्हटलं, “अत्ती, थांबा.”

“का गं? दुसरी बाजू राहिलीय.”

“तिला नको आहे.”

“तुला कोणी सांगितलं? आमच्या घरात दोघी शहाण्या. एकीला बोलता येत नाही, आणि दुसरी आज बोलायला लागली.” पण त्यांनी फणी खाली ठेवली. लेक दिवसभर एका वेणीने फिरली. शेजारणीने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे सुट्टं तेल महाग झालंय, म्हणून अर्धंच डोकं विंचरतो.”

मग एके दिवशी तळहात आला. दुधाच्या पेल्यापुढे. मी पेला उचलून घेतला तर ती माझ्याकडे बघत राहिली, हे खरंच गेलं का, असं. त्यानंतर मात्र तिने तळहाताचा सपाटाच लावला. आंघोळ नको, चपाती नको, निळा फ्रॉक नको, मंदिर नको. आणि एके दिवशी भर रस्त्यात तिने माझा हात झटकला, तळहात पुढे केला आणि मधोमध बसली. मालाचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर मला शिव्या देत होता. मी तिला उचलून पलीकडे नेलं. ती आता जड आहे. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं.

“बंद कर हे,” हे म्हणाले. “पुन्हा ते जुने दिवस आणायचेत का तुला?”

त्यांचं चुकत नव्हतं. हिने नको म्हटलं नाही तर कोणीही घेऊन जाईल, आणि म्हटलं तर टेम्पोखाली जाईल. भाजी चिरताना, काज करताना मी दोन्ही चित्रं बघत असायची, एक संपलं की दुसरं.

टीचरनी सांगितलं, रस्ता ओलांडायचाच, पण धरायचं काय ते तिला ठरवू द्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून माझा हात, पदर आणि पिशवीचा बंद असं तिन्ही पुढे केलं. तिने बंद धरला. तेव्हापासून आम्ही पिशवीचा बंद धरून रस्ता ओलांडतो. भाजी घ्यायची नसली तरी पिशवी घेते.

संक्रांत जवळ आली होती तेव्हा तो माणूस पुन्हा आला. मधल्या काळात त्याची पँट त्याचा भाऊ घेऊन गेला होता आणि शर्टाचं कापड देऊन गेला होता. आता तो शर्ट घ्यायला आला होता. मी आत मशीनवर होते. त्याचा आवाज ओळखला आणि माझा पाय थांबला. लेक उंबऱ्याशी, बटणांचा डबा पुढ्यात.

“काय, ओळखलं का?” तो म्हणाला. “बा, बा.”

मी उठले. मशीनच्या पट्ट्यात पदर अडकला. तो सोडवताना मला ती दिसत होती. तिने झाकण हातात घेतलं. डब्यावर ठेवलं. मग तिने झाकण पुन्हा बाजूला ठेवलं आणि तळहात पुढे केला.

त्याला ते कळलं नाही. टाळी देते आहे असं समजून त्याने तिच्या हातावर हात मारला, हसला, आणि दंडाला धरून तिला उठवू लागला. “चल गं, खाऊ देतो.” तिने दुसरा तळहातही पुढे केला. मग ती त्याला चावली.

तो ओरडला. बटणं सगळ्या दुकानात पसरली. हे हातात कात्री घेऊन उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, “सॉरी सार, ती जरा...” आणि ते थांबले. लेक भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही तळहात अजून पुढे धरलेले. कोणी आय्तु म्हटलं नव्हतं.

ह्यांनी कात्री ठेवली. शर्टाची घडी घातली, पिशवीत भरला, त्याच्या हातात दिला. त्याच्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या मुलीला बोलवत जाऊ नका.”

“आधी वळण लावा तिला,” असं म्हणून तो हात चोळत निघून गेला.

मला आनंद झाला असं कोणी समजेल. मला थंडी भरल्यासारखं झालं होतं. मी तिच्यासमोर बसून आय्तु, आय्तु म्हणत राहिले, आणि तिचे हात हळूहळू खाली आले. सासूबाईंनी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. तिने तेवढं पुसू दिलं. मग सासूबाई खाली बसून बटणं गोळा करायला लागल्या आणि कोणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाल्या, “दोनदा सांगितलं तिने. दोनदा.”

तो माणूस चांगला असेल तर माझ्या लेकीने एका चांगल्या माणसाला चावलं. उद्या ती सेंटरमधल्या पोराला चावेल, बसमधल्या बाईला चावेल. टीचर म्हणतात, तळहात मानला गेला तर दातांची गरज पडणार नाही. त्यांचं खरं असेल. पण सगळं म्हैसूर तिचा तळहात कुठून ओळखणार? मी दाराला वरची कडी बसवून घेतली आहे. ती मी अजून लावते.

तो पिवळा फ्रॉक तिला आखूड झाला. काल खालची शिवण उसवून घेर सोडला आणि टाचण्यांची डबी घेऊन तिच्यासमोर बसले. निल्लु म्हटलं नाही. फ्रॉक दाखवला, डबी दाखवली. तिने डबीकडे बघितलं आणि तळहात पुढे केला.

मी डबी बंद केली. ती बटणांकडे गेली. फ्रॉक माझ्या मांडीवर तसाच आहे, खालून दोरे लोंबताहेत. उद्या पुन्हा विचारीन.